वाजवून घेतलेलं नाव

सायलीचा फोन आला तेव्हा मी मोड आलेले वाल सोलत होते. सायली म्हणजे माझ्या भाच्याची, प्रतीकची बायको. बाळंतीण होऊन आठवडा झालेला, आवाज अजून दमलेला.

"आत्या, बारशाला वरवंटा लागतो का हो? आजी सकाळपासून वरवंटा वरवंटा करतायत."

"लागतो बाई. तुमच्या गॅलरीच्या दाराला लावलाय ना, तोच. धुऊन ठेव."

"तो? तो तर डोअर स्टॉपर आहे!"

घ्या. फोन ठेवला आणि मग मात्र माझे हात वालांवरच राहिले. नव्या पनवेलात, नवव्या मजल्यावर, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून ठेवलेला तो काळा दगड आमच्या जुन्या गावातून आलाय. पाटा तिथेच राहिला, गाव उठवून टाकलेल्या भरावाखाली. वरवंटा तेवढा माझ्या आईनं, म्हणजे सायलीच्या ह्या आजींनी, साडीत गुंडाळून आणला. एका टोकाला जरासा बसका आहे. नाक जवळ नेलं तर ओल्या खोबऱ्याचा, हळदीचा आणि सुक्या जवळ्याच्या वाटणाचा वास अजून येतो. सायली म्हणते, तुम्हाला भास होतो. होत असेल.

बारशाला आधी ह्या वरवंट्याला टोपडं घालतात, काजळाची तीट लावतात आणि पाळण्यात निजवतात. बाळ त्याच्या नंतर. पोर दगडासारखं टणक व्हावं म्हणून, असं सगळीकडे सांगतात. आमची सोनीआत्या, म्हणजे माझ्या बाबांची बहीण, वेगळं सांगायची. ती म्हणायची, कुणी न्यायला आलंच तर अंधारात आधी हाच हाताला लागावा म्हणून. आम्हा तिन्ही भावंडांच्या आधी पाळण्यात हाच दगड झोपला होता. दादा, मी आणि धाकटा.

नावाचा घोळ तर बाळ पोटात होतं तेव्हापासून चालू होता. प्रतीकनं त्यासाठी फोनवर ग्रुप काढला होता. आमचं आडनाव घरत. ऐकायला साधं, पण मेलं भारी खोडीचं. तीन अक्षरं, आणि शेवटच्या 'त'वर खटकन थांबतं. त्याच्या आधी लांबलचक नाव लावलं तर ते धापा टाकत येतं, आणि फार बारीक लावलं तर आडनाव त्याला गिळून टाकतं. ग्रुपवर एकेक नाव यायचं. कियान घरत. रेयांश घरत. मी लिहिलं, "लुंगीवर कोट घातल्यासारखं वाटतंय." सायलीच्या माहेरचे दोन दिवस गप्प बसले.

मग एका दुपारी प्रतीकचाच फोन. "आत्या, फायनल झालं. राघव. राघव घरत. बोलून बघ ना, काय मस्त बसतंय! घ ला घ कसा जाऊन मिळतो बघ."

"बसतंय," मी म्हटलं. "कधीचंच बसलंय."

त्याला काय कळणार? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्या बापाला एक धाकटा भाऊ होता आणि लहानपणीच गेला, एवढं त्याला ठाऊक होतं. नाव ठाऊक नव्हतं. ते नाव आमच्या घरात त्या संध्याकाळनंतर कुणी तोंडातून काढलं नाही. दादाही गेला तो न काढताच. आता ते माहीत असलेली दोनच माणसं उरलीत, मी आणि आई. आणि आमच्यात आत्यानंच बाळाच्या कानात नाव सांगायचं असतं. दादाचा प्रतीक एकुलता, त्यामुळे प्रतीकच्या बाळाची आत्यापण मीच. म्हणजे ते नाव मीच सांगायचं, माझ्या तोंडानं.

आता ते सगळं आठवायचं म्हणजे आधी मीठ आठवतं. गावाच्या पुढ्यात मिठागरं, मागे भाताची खाचरं, आणि पलीकडे बांध. बांधाला एक उघाडी होती, खाडीचं पाणी आतबाहेर सोडायचं लाकडी दार. त्या दाराच्या दोन दगडी खांबांवर आम्ही पोरं तासन् तास बसायचो. ओहोटीला चिखलात निवट्या, त्या बोटभर मासळ्या, उड्या मारायच्या. खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीचा एक आंबूस वास यायचा, तो केसांतून जायचा नाही. दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका अंगठा वर केल्यासारखा दिसायचा आणि संध्याकाळी सगळ्यात शेवटी तो काळा व्हायचा.

त्या गावात, निदान आमच्या घरात, नाव नुसतं ठेवत नसत. वाजवून घेत. बाजारात माठ घेताना बाई कशी बोटानं टिचकी मारून बघते, बद्द वाजला तर परत ठेवते, तसं. बारशाच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, सोनीआत्या बांधाच्या अलीकडच्या टोकाला उभी राहायची आणि खाडीकडे तोंड करून हाक मारायची. नाव आणि आडनाव. बापाचं नाव मध्ये घालायचं नाही. तीन वेळा. तिचा गळा असा की मिठागरावरची माणसं फावडं थांबवायची. त्या वेळी गावात सगळे चिडीचूप. आया पोरांची तोंडं दाबून धरायच्या, कारण चुकून कुणी ओ दिली तर घोटाळा. आणि उघाडीच्या खांबावर घरातली एक मुलगी बसवायची. ऐकायला.

काही ऐकू आलं नाही, तर नाव रिकामं. घ्या, तुमचं. पण समोरून ओ आली, तर ते नाव भरलेलं. आधीच कुणाचं तरी आहे, आणि तो तिथेच आहे. ते टाकायचं आणि दुसरं घ्यायचं. कोण आहे, कुठे आहे, असलं विचारायची पद्धत नव्हती. सोनीआत्या म्हणायची, "आडनाव एक झालं म्हनजे घर एक झालं. एका घरात एका नावाची दोन मानसं सुखानं नांदत नाय."

दादाच्या वेळी म्हणे दोन नावं टाकावी लागली. माझं पहिल्याच दमात पास झालं, पोरीच्या जातीला कोण कशाला अडवतंय!

धाकटा झाला तेव्हा मी नऊ वर्षांची. खांबावर बसायचा मान माझा. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा जळत होत्या, त्या धुराचा वास अंगाला घेऊनच मी बांधावर गेले. भरती लागत होती. सोनीआत्यानं पदर खोचला आणि हाक मारली.

"राघव घरssत!"

पाणी उघाडीच्या फटीतून चुळकचुळक करत होतं. काही नाही.

"राघव घरssत!"

काही नाही. ते नाव मी शोधून काढलं होतं, बरं का. आई पोटुशी होती तेव्हापासून मी तिच्या पोटाला तोंड लावून त्याला राघव म्हणत होते. दुसरं तयार ठेवलेलं नाव होतं काशिनाथ. मला काशिनाथ नको होता.

तिसरी हाक गेली. आणि तिवरांतून कुणीतरी म्हणालं, "ओ-ओ."

लहान मुलाचा आवाज. मध्ये हेल घेतलेला, खेळ सोडून घरी यायला लागणार म्हणून वैतागलेला. भीती वाटली असं खरं म्हणजे झालं नाही. इतका साधा आवाज होता तो. वाटलं, कुणाचं तरी पोर असेल तिकडे. पण तिकडे चिखलाशिवाय काही नव्हतं आणि पाणी चढत होतं.

सोनीआत्याला लांबून ऐकू आलं नसणार. तिनं विचारलं, "काय गो, कुनी ओ दिली?"

"नाय आते," मी म्हटलं. "कुनी नाय."

झालं. दुसऱ्या दिवशी घुगऱ्या वाटल्या आणि तो राघव घरत झाला.

त्याच्याबद्दल काय सांगू? गोरा नव्हता, गुटगुटीत नव्हता, हट्टी मात्र अस्सा! मी कुठे वाकले की मागून येऊन कमरेत धपाटा घालून पळायचा, कारण त्याचा हात तेवढ्याच उंचीला पोचायचा. दिवसभर मिठागरात. चिखलाच्या पायांनी ओटीवर यायचा, आणि पाय सुकले की शेणानं सारवलेल्या जमिनीवर पांढरी पावलं उठायची. मिठाची. आई ओरडायची, मी पुसायचे. हाक मारली की लगेच यायचा नाही, पण ओ द्यायचा. तो चारेक वर्षांचा असेल. एकदा तिन्हीसांजेला मी बांधावरून त्याला हाक मारली, आणि तिवरांच्या बाजूनं आवाज आला, "ओ-ओ." मध्ये हेल घेतलेला, वैतागलेला.

माझ्या हातातली कळशी पडली. तोच आवाज होता, अगदी तोच. मी खांबावर बसून ऐकला होता, हा अकरा दिवसांचा असताना. जे पोर शेगडीशेजारी दुपट्यात मुठी आवळून झोपलं होतं, त्यानंच बाहेरून ओ दिली होती. ते मी कुणाला सांगणार होते? आणि सांगून काय म्हणणार होते?

त्यानंतर मी त्याला बांधाकडे फिरकू देत नव्हते. दोन वर्षं त्याच्या पाठीमागे सावलीसारखी. पण पोरीला शाळा असते, पाणी असतं, धुणं असतं. सहा वर्षांचा असताना एका ओहोटीच्या संध्याकाळी तो घरी आला नाही. एवढंच सांगते. कसं झालं, कुणाचं लक्ष नव्हतं, ते सगळं गावानं तेव्हा पोटभर बोलून घेतलंय. सोनीआत्या बांधावर उभी राहून नाव-आडनाव घेऊन हाका मारत होती. तिसऱ्या हाकेला तिचा गळा बसला, तो कायमचाच. मी खांबावर होते, कान देऊन. तेव्हा मात्र कुणी ओ दिली नाही.

तर असं ते नाव. आणि प्रतीक म्हणतो, घ ला घ कसा मिळतो बघ.

बारशाच्या तीन दिवस आधी मी आईकडे गेले. आई ब्याऐंशी वर्षांची, प्रतीककडेच असते. खाटेवर बसून ती वरवंटा मांडीवर घेऊन ओल्या फडक्यानं पुसत होती. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "मना गावाला ने. वाजवून घेऊ." मी म्हटलं, आई, गाव कुठाय आता? तर म्हणाली, "खाडी हाय ना?"

प्रतीकनं गाडी काढली. आजीला जुनी जागा बघायचीय म्हटल्यावर खूश झाला. जुनी जागा कसली! मुरमाचा भराव, पत्र्याचं कुंपण, डंपर. मी तर दिशाच हरवले. शेवटी कर्नाळ्याचा सुळका शोधला आणि त्याच्याकडे पाठ करून अंदाज घेतला. कुंपणाच्या टोकाला तिवरांची एक पट्टी शिल्लक होती. तिच्यात उघाडीचे दोन खांब उभे होते. दार नाही, बांध नाही, पाणी अडवायला काही नाही. नुसते दोन खांब.

प्रतीक पुढे केटररशी फोनवर बोलत बसला. आई मागच्या सीटवर, काच खाली करून. मी भरावाच्या कडेपर्यंत गेले. डंपर थांबले होते, ऊन उतरलं होतं. मी राहते त्या कोन गावच्या बालवाडीत पोरांवर ओरडून माझाही गळा तसा तयार आहे. मी पदर खोचला. पंचेचाळीस वर्षांनी मी ते नाव घेत होते.

"राघव घरत!"

काही नाही. दुसरी. काही नाही. आणि मला काय झालं ते सांगते. मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी रडू फुटलं. तो तिथे नसेल तर बाळाला नाव मोकळं. पण तो तिथेही नसेल तर मग आहे कुठे?

तिसरी हाक मी हळूच मारली. हाक कसली, विचारलंच त्याला.

"ओ-ओ."

खांबांच्या मधून. तसाच. खेळ सोडून यायला लागणार म्हणून वैतागलेला. माझी साठी आली आणि तो अजून सहाचा.

गाडीपर्यंत कशी आले मला ठाऊक नाही. आईच्या खिडकीशी वाकले. "आई, ऐकलंस?"

"नाय," आई म्हणाली.

गाडी निघाली. पळस्प्याच्या फाट्याला सिग्नल लागला. पुढे प्रतीक गुलाबजाम की जिलेबी ते ठरवत होता. आई खिडकीबाहेर बघत, मला ऐकू येईल एवढंच बोलली.

"तवा पन आयकलेलं मी. बालंतिनीच्या खोलीत होते, तिवरांच्या अंगाची खिडकी उघडी होती. तू नाय बोललीस, मंग मी पन नाय बोलले."

मला आधी संताप आला. का लपवू? इतकी वर्षं मी एकटी हे उराशी घेऊन बसले. लग्नात, माझ्या लेकीच्या बाळंतपणात, दादाच्या तेराव्याला, एकेका रात्री उठून बसले की मी मारला त्याला, मी. आणि ही बाई शेजारी बसून गप्प!

"का गं? का नाही बोललीस?"

"मना आवडलेलं ते नाव," आई म्हणाली. "तू पोटाला तोंड लावून बोलायचीस ना."

मी तिचा हात धरला. सुरकुतलेला, गार हात. बराच वेळ आम्ही दोघी नुसत्या रडलो, तोंड फिरवून, प्रतीकला दिसू नये म्हणून. मग मी म्हटलं, "आता गं? बाळाचं काय? पत्रिका गेल्यात, फुग्यांवर नाव आलंय."

"बालाच्या कानात दुसरं सांग. राघव त्याचा हाय, त्याचा त्याला दे."

"पण कसं द्यायचं?"

आईनं दोन्ही हातांनी पाळण्याच्या खालून काहीतरी पलीकडे दिल्यासारखं केलं. "वरवंटा हाय ना."

त्या संध्याकाळी मी कोनला घरी येऊन गच्चीवर गेले आणि एक नाव वाजवून घेतलं. तीनदा हाक मारली. एक्स्प्रेसवेच्या गाड्यांचा आवाज सोडला तर काही आलं नाही. शेजारची बाई खिडकीतून बघत होती, बघू दे.

बारशाला हॉल फुलून गेला. निळे फुगे, पाळण्याला मोगरा. सायली जरीची साडी नेसून इतकी गोड दिसत होती की तिच्यापासून मी काय लपवतेय ते आठवून मी नजर वळवली. बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. आधी टोपडं घातलेला वरवंटा, वरून खालून, ह्या हातातून त्या हातात. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. माझ्या हातात आला तेव्हा मी वाकले, आणि टोपड्याच्या नाडीशी, जिथे कान असता तिथे, हळूच म्हटलं, "राघव." दगड गार असतो. हा नव्हता.

मग बाळ आलं. दुधाच्या वासाचं, ऊबदार, जिवंत. त्याच्या कानात मी त्याचं नाव सांगितलं. ते काय ते मी कुणाला सांगणार नाही, सायलीलाही नाही. ते त्याचं आहे, रिकामं होतं, खात्री करून दिलंय. आणि मग तोंड वर करून मोठ्यानं म्हणाले, "राघव!"

"कुर्रर्रर्र!" बायका ओरडल्या आणि रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे बसले. सायलीच्या आईनं तर जुना हिशेब चुकता केला, कोट-लुंगीचा. सगळे धपाटे पाठीवर, खांद्यावर. एक मात्र खाली, कमरेत बसला. बारका हात. मी गर्रकन वळले. मागे आईची खुर्ची होती आणि आईच्या मांडीवर वरवंटा. जवळपास एकही पोर नव्हतं, सगळी फुगे फोडायला गेली होती.

ह्याला आता दहा महिने झाले. बाळ छान आहे, रांगतं, भिंतीला धरून उभं राहतं. गॅलरीच्या दाराला सायलीनं रबराचा स्टॉपर आणला, कारण आजी वरवंटा देत नाहीत आणि त्याचं टोपडंही काढू देत नाहीत. म्हातारपण, असं प्रतीक म्हणतो. फरशीवर हल्ली पांढरे डाग पडतात म्हणून सायली वैतागलीय. म्हणते, बोअरच्या पाण्याचे असतील, पुसले की परत दुसऱ्या दिवशी आजींच्या खोलीपासून गॅलरीपर्यंत. मी गेले की मीच पुसते. सवय आहे मला.

परवा रविवारी आम्ही हॉलमध्ये चहा पीत होतो, आई, मी आणि गालिच्यावर बाळ. सायली स्वयंपाकघरात नाचणीची पेज ढवळत होती. तिथूनच तिनं लाडात येऊन पूर्ण नाव घेऊन हाक मारली. "राघव घरत! चला, जेवायला!"

बाळानं मान वळवली नाही. हातातला चमचा चावत बसलं.

आईच्या खोलीतून, जिथे कुणी नव्हतं, आवाज आला.

"ओ-ओ."

आई माझ्यासमोर बसली होती. तिच्या तोंडाला चहाची बशी होती. ती तिनं जराशीही हलू दिली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. इतकी हसताना मी तिला पंचेचाळीस वर्षांत बघितलेलं नाही.

सायली हातात पळी घेऊन दारात आली. "आत्या, कुणी ओ दिली का हो आत्ता?"

मी बाळाला उचलून पोटाशी धरलं.

"नाय गो," मी म्हटलं. "कुनी नाय."